जर्मनचा तांब्या

दादा गेल्याची बातमी मला वॉर्डात मिळाली. सांगलीच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलत होते, तेवढ्यात मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागे आमच्या गावचा एक माणूस, टोपी काढून हातात धरलेला. ती हातातली टोपी बघितली आणि समजायचं ते समजले. पट्टी मात्र पुरी बांधली. रडले नाही. पुढचे काही आठवडेही धड रडता आलं नाही, कारण रडायला बसलं की आधी राग यायचा, आणि राग आला की रडू कुठल्या कुठं पळून जायचं. थोरल्या भावाबद्दल लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, लिहिते, पण गोड लिहीन असं समजू नका.

गोड बोलून झालंय. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या देवळात (आमच्याकडे जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, आणि तिथं जमणाऱ्या समाजाला मंडळी) दादाची स्मरणसभा झाली. मंडळीचे मुख्य पंच अण्णासाहेब उभे राहिले, उपरणं सावरलं आणि सुरू झाले. शमुवेल मास्तर म्हणजे नम्रतेचा पुतळा, मास्तरांसारखा नम्र सेवक होणे नाही, मास्तरांची नम्रता आपण सर्वांनी अंगी बाणवावी... मी पहिल्या बाकावर दात आवळून बसले होते. अहो, कसला नम्र! माझा भाऊ हेडमास्तर होता आणि आयुष्यभर हेडमास्तरासारखा वागला. कडक इस्त्रीचं धोतर, बशीशिवाय कप आला तर चहा परत. लहानपणी शास्त्र वाचताना माझा एक काना चुकला तर हातावर पट्टी बसायची, आणि वर ‘देवाच्या वचनात काना खातेस?’ हे ऐकावं लागायचं. नम्रता त्याला उतारवयात आली, आणि तिचा पुतळा करायला निघालेल्या याच माणसांनी ती त्याच्याकडून मरेपर्यंत वसूल केली. ते सगळं सभेत कुणी बोललं नाही, म्हणून मी इथं बोलणार आहे.

आमच्या देवळाच्या ओसरीत एक रांजण आहे. चपला बाहेर काढायच्या, पायांवर पाणी घ्यायचं आणि आत जायचं, ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. घरी पाहुणा आला तर आपण पायांवर पाणी देतो, तसंच हे. रांजणावर पूर्वी एकच पितळी तांब्या असायचा. पुढं गावकुसाबाहेरच्या वस्तीतली काही नवी कुटुंबं बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली, आणि एका रविवारी पितळी तांब्याशेजारी दुसरा तांब्या दिसायला लागला... जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, हलका, ठणठण वाजणारा. कुणी काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. जुन्या घराण्यांनी पितळी उचलायचा, वस्तीतल्यांनी जर्मनचा. कुणी विचारलंच तर खरजेचं निमित्त पुढं करायचे. पाय धुवायच्या तांब्यानं म्हणे खरूज पसरते! इतकी वर्षं नर्स आहे, असली खरूज मी बघितली नाही, आणि जी बघितली ती मलमानं जाणारी नव्हती. जुनी घराणी म्हणजे तरी कोण हो? आमचे आजोबा त्याच वस्तीतून आले होते. अण्णासाहेबांचेही. दोन पिढ्या शाळेत गेल्या, नोकऱ्या लागल्या, आणि आमचे पाय पितळी झाले. आता खरं ते सांगते. तो जर्मनचा तांब्या साताऱ्याच्या बाजारातून आणला होता तो माझ्या दादानंच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा तर विचारूच नका. विहिरी तळाला गेलेल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर. देवळाचा रांजण वस्तीतली सोनाबाई भरायची. दिवसभर खडी फोडून झाली की माळापलीकडच्या विहिरीवरून हंडा डोक्यावर घेऊन यायची. गंमत बघा, तिनं डोक्यावरून आणलेलं पाणी चालायचं, तिनं धरलेला तांब्या चालायचा नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा गुरुवार होता, संध्याकाळची उपासना. मी रजेवर गावी आलेले, दादाच्या मागोमागच ओसरीत पोचले. त्याला उशीर झाला होता. घाईघाईत त्यानं हाताला लागला तो तांब्या उचलला आणि पायांवर पाणी ओतलं. ओतून झाल्यावर हातातल्या तांब्याकडं लक्ष गेलं. जर्मनचा! विस्तव लागल्यासारखा त्यानं तो खाली ठेवला, पितळी तांब्या काठोकाठ बुडवून घेतला आणि तेच पाय पुन्हा खसाखसा धुतले. तांब्याभर पाणी, त्या दिवसांत, ओसरीतून मातीत वाहून गेलं. रिकामा हंडा घेऊन सोनाबाई तिथंच उभी होती. चिडून नाही, फक्त पाण्याच्या मायेनं ती म्हणाली, “आवं मास्तर, पानी लय लांबनं आनलंय वं.” दादा तसाच आत गेला.

त्या गुरुवारी वाचायचा भाग ठरलेला असतो. प्रभू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो; पेत्र नावाचा शिष्य तेवढा आधी नको नको म्हणतो. दादा तो दरवर्षी वाचायचा, आणि काय वाचायचा! त्याचा आवाज ऐकायला लोक कोरेगावहून यायचे. त्या दिवशी पाणी ओतण्यापर्यंत आला आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा थांबला. लोकांना वाटलं ऊन लागलं. मी उठणार, एवढ्यात त्यानं पुस्तक मिटलं, खाली उतरला, ओसरीत गेला आणि जर्मनच्या तांब्यात पाणी घेऊन आला. सोनाबाई सगळ्यांच्या मागं भुईवर बसलेली. हा कडक इस्त्रीचा माणूस तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. ती पाय लुगड्यात ओढून घेत म्हणाली, “न्हाई वं मास्तर, मला पाप लागंल!” दादा म्हणाला, “पाप तुझं नाही गं बाई, माझं आहे. पाय पुढं कर.” तिचे पाय भेगांनी फाटलेले, खडीच्या धुळीनं पांढरे झालेले. त्यानं ते धुतले, उपरण्यानं पुसले, आणि उठून सगळ्यांना म्हणाला, “हा तांब्या मी आणला होता. मंडळीत दोन तांबे मी केले. आजपासून हा एकच राहील.” पितळी तांब्या उचलून त्यानं आत फुलं ठेवायला दिला.  

तुम्हाला वाटेल, मंडळी गहिवरली असेल. कसलं काय! पुढच्या रविवारी जुनी घराणी पिशव्या घेऊन आली. पिशवीत घरचा तांब्या. आपापल्या तांब्यानं पाय धुवायचे, तांब्या पुसून पिशवीत घालायचा, आणि आत जाऊन प्रीतीची गीतं म्हणायची! महिन्याभरात पंचांनी दादाला बोलावलं. अण्णासाहेबांनी फार समजुतीनं घेतलं म्हणे. “मास्तर, उन्हाचा त्रास झाला, भान राहिलं नाही, एवढंच मंडळीपुढं बोला. पितळी तांब्या जागेवर ठेवू. नाहीतर मंडळी फुटेल, आणि मग तुम्हाला वाचायला उभं करता येणार नाही.” दादा म्हणाला, “अण्णासाहेब, भान राहिलं नव्हतं ते आधी. त्या दिवशी आलं.” झालं! तोही पंच होता, ते पद गेलं आणि शास्त्र वाचणं बंद झालं. हे बंद होणं म्हणजे काय, ते मला विचारा. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. आठवडाभर तो त्या वाचनासाठी जगायचा. शनिवारी अंगणात फेऱ्या घालत मोठ्यानं वाचून बघायचा. त्याच्या जागी उभे राहिलेले अण्णासाहेब वाचायचे ते दवंडी पिटल्यासारखं.

मी चवताळून गावी गेले. म्हटलं, “दादा, चल सांगलीला. तिथल्या मंडळीत तुला डोक्यावर घेतील.” तो म्हणाला, “कमळे, डोक्यावरच बसलो होतो की इतकी वर्षं. मी इथं चुकलो, इथंच राहणार.” मी म्हटलं, “मग भांड तरी! वरपर्यंत तक्रार कर. तोंड शिवलंय का तुझं?” तर म्हणतो, “तो भाग मी दरवर्षी वाचला. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं ठरवून वाचला. लोकांना ऐकू गेला, मलाच कधी ऐकू आला नव्हता. आता ऐकू आलाय, तर थोडं गप्प बसू दे.” मला असला संताप आला! म्हटलं, “तू ताठ तो ताठच. आधी खुर्चीत ताठ होतास, आता उंबऱ्यात ताठ आहेस.” तो खो खो हसला. “असेन बाई. प्रभूला ताठ माणसंही वाकवून चालवून घ्यावी लागतात.” त्या दिवशी मी न जेवता एसटी पकडली. त्याच्यावरचा तो राग अजून गेलेला नाही. माणसानं इतकं सोसू नये.

मात्र तो मंडळी सोडून गेला नाही, हे खरं. दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा, आपल्या परसातल्या, पावसानंतर पुन्हा भरलेल्या आडाचं पाणी आणून रांजण भरायचा, जर्मनचा तांब्या राखेनं घासून वर उपडा ठेवायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. पिशवीवाल्यांनाही हसून नमस्कार करायचा... मी असते तर पिशव्या आडात फेकल्या असत्या. संध्याकाळी वस्तीतली माणसं त्याच्या ओट्यावर जमायची. तो वाचायचा, मग त्यांच्याकडून वाचून घ्यायचा. सोनाबाई पन्नाशीत अक्षरं शिकली. साधी अक्षरं झरझर वाचायची, पण जोडाक्षर आलं की खड्डा ओलांडावा तशी सरळ ओलांडून पुढं! आणि माझ्या हातावर एका कान्यासाठी पट्टी मारणारा हा माणूस हसून म्हणायचा, “जाऊ दे, पोचलीस ना पलीकडं? मग झालं.” हळूहळू ओटा भरायला लागला. नवरा-बायकोची भांडणं तिथं मिटली, कुणाकुणाची दारू सुटली. एक दिवस कंपाउंडरची बायको देवळात पिशवीविना आली आणि तिनं मुकाट्यानं जर्मनचा तांब्या उचलला. मग आणखी एक-दोघी. अण्णासाहेबांची पिशवी मात्र सुटली नाही, आणि दादाला वाचायला परत कुणी बोलावलं नाही.

शेवटच्या आजारात मी महिनाभर त्याच्याजवळ होते. पायांवर सूज आलेली. मी गरम पाणी आणलं तर पाय आखडून घेतो, “तू नको, कमळे. तू धाकटी.” मी म्हटलं, “पेत्रासारखं करू नकोस. मुकाट्यानं पाय दे, नाहीतर इंजेक्शन टोचीन.” हसला आणि पाय दिले. धुता धुता मी विचारलं, “दादा, वाचायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं रे?” तो पाण्यात पायाची बोटं हलवत राहिला. मग म्हणाला, “लय वाटतं.” आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस, तेव्हा ‘लय’ म्हणाला. मग म्हणाला, “तेवढा तांब्या राहू देत तिथं.” दुसरं काही त्यानं मागितलं नाही. रजा संपली म्हणून मी सांगलीला परतले, आणि त्यानंतर काही दिवसांतच तो टोपीवाला माणूस वॉर्डाच्या दारात उभा राहिला.

तर स्मरणसभेच्या दिवशी मी देवळाशी पोचले, तर ओसरीला नवा चुना, आणि रांजणावर कोरा करकरीत पितळी तांब्या! त्यावर अक्षरं कोरलेली... ‘नम्र सेवक शमुवेल मास्तर यांच्या स्मरणार्थ’. पायरीखाली सोनाबाई धुळीच्या पायांनी उभी. म्हणाली, “शिष्टरबाई, मास्तरांचा तांब्या न्हाई वं दिसत.” मी तिला आत नेऊन बसवलं आणि ती सगळी भाषणं ऐकली. घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावे, असं अण्णासाहेब म्हणाले, तेव्हा उठले, ओसरीतून तो पितळी तांब्या आणला आणि त्यांच्यापुढं धरला. “हा कुणासाठी?” “सगळ्यांसाठीच की, बाई.” “मग सोनाबाईला सांगा, ऊठ, ह्यानं पाय धुऊन ये.” अण्णासाहेबांनी आढ्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, “आज कशाला हा विषय... तो जर्मनचा आहे की मागं, त्यांच्यासाठी.” त्यांच्यासाठी! माझ्या भावाच्या नावानं, माझा भाऊ मातीत जाऊन महिना व्हायच्या आत, पुन्हा दोन तांबे! मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

जर्मनचा तांब्या मागच्या पडवीत सापडला. ओसरीला लावलेला चुना त्यातच कालवला होता. मी पायरीवर बसून तो राखेनं घासला, सगळी मंडळी बघत असताना. नर्सला घासण्याची लाज नसते. मग रांजणावर ठेवला आणि पितळी माझ्या पिशवीत टाकला. अण्णासाहेब धावत आले, “अहो, तो मंडळीचा आहे!” मी म्हटलं, “नाव माझ्या भावाचं आहे. मंडळीला हवा असेल तर सांगलीला या. माझ्या दारातच असेल, पाय धुवा आणि घेऊन जा.” अजून कुणी आलेलं नाही.

तो माझ्या क्वार्टरच्या दारात आहे. आया येतात, झाडूवाली येते, पेशंटांची माणसं येतात, सगळी त्यानंच पाय धुतात. मी रोज चिंच आणि राख घेऊन त्या अक्षरांवरून हात फिरवते, जरा जोरातच. गावचं कुणी भेटलं की आधी विचारते, जर्मनचा तांब्या जागेवर आहे का? परवा सोनाबाई डोळे दाखवायला आली होती. मी विचारायच्या आत म्हणाली, “हाय वं, हाय. आन् आयका, गेल्या आयतवारी आन्नासायबांनी त्येनंच पाय धुतलं. पिशवी इसरली जनू. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् घेतलं वतून.” मी कपाळाला हात लावला. हसावं की शिव्या द्याव्यात, कळेना. तोवर ती पाय धुऊन तांब्या उजेडाकडं धरून बसली होती, अक्षरांवर बोट ठेवून. पहिल्याच शब्दाशी, ‘नम्र’शी, अडखळली, आणि नेहमीसारखी तो ओलांडून पुढं गेली. “से...वक... शमु...वेल.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “पैला शबुद काय जमला न्हाई, बाई. मास्तर रागावलं असतं का वं?” मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांचं रडू आलं.