तिकांड्याखालचा धुरकट ढग

शाळेत विज्ञान शिकवताना तारे मी कितीतरी वर्षं फळ्यावरच दाखवले. पन्नाशी ओलांडल्यावर वाटलं, आता आपण स्वतः बघायचे. हैदराबादच्या एका हौशी गृहस्थांकडून त्यांची जुनी दुर्बीण घेतली आणि बीदरमार्गे बसने आळंदला आणली. नळी मांडीवर, तिचं तीन पायांचं तिकाटणं पायाशी. नवऱ्याची तुरीची आडत. त्यांनी दुर्बीण दारात बघून एवढंच विचारलं, "एवढी मोठी? ठेवायची कुठं?"

मला मृग नक्षत्रातल्या एका धुरकट ढगाचा फोटो काढायचा होता. मृगाच्या पोटात तीन चांदण्या एका रेषेत असतात, आमच्याकडं त्यांना तिकांडं म्हणतात. त्याच्या खाली साध्या डोळ्यांना पुसटसा ठिपका दिसतो. तोच हा ढग. आळंदच्या गच्चीवरून तो दिसेना, कारण बाजारातले दिवे. म्हणून आम्ही उमरग्याच्या बाजूला असलेल्या आमच्या शेतातल्या खळ्यावर जायला लागलो. जानेवारीत दिवस मावळला की मृग पूर्वेला वर आलेला असतो, त्यामुळं फार जागावं लागत नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिकाटणं उभं केलं, दुर्बीण चढवली, तोवर बांधावरून तीन बॅटऱ्या हलत आल्या. शेजारच्या शेतातली अक्का आणि तिचे दोन दीर. अक्का माझ्याच वयाची, घरात कन्नड बोलणारी, पण भांडायला मराठी आवडणारी.

"बाई, सर्वे कुठवर आलाय?" तिनं लांबूनच विचारलं.

"कसला सर्वे?"

"आता लपवू नका. रस्ता जायलाय ना हितनं? आमची हीर जाती का ऱ्हाती, तेवढं सांगा."

तिकाटण्यावरचं यंत्र म्हणजे रस्त्याची मोजणी, असा तिचा पक्का समज. मी सांगत राहिले, ती ऐकेना. शेवटी मी दुर्बीण गुरूकडं वळवली आणि तिला डोळा लावायला लावला. अक्का वाकली. दुसरा डोळा तिनं हातानं झाकला. मग म्हणाली, "हा वाटाणा कसला? आन् बाजूला हे बारके ठिपके?"

"तो गुरू. ते त्याचे चंद्र."

"एवढे?" ती सरळ उभी राहिली आणि दिरांना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. दोघं हसायला लागले. विहिरीची काळजी मिटली होती. जाताना ती घरून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा टोप पाठवते म्हणाली, आणि खरंच पाठवला.

फोटो मात्र जमेना. माझ्या दुर्बिणीला दोन मोटारी. एक नळीला डावी-उजवीकडं फिरवते, दुसरी वर-खाली. दोघी मिळून ताऱ्याच्या मागं मागं जातात. म्हणून मला वाटलं, दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याचा पडदा दोन-तीन मिनिटं उघडा ठेवला की झालं. पण फोटोत मधली चांदणी ठिपक्यासारखी स्वच्छ, आणि कडेच्या सगळ्या चांदण्यांच्या वाकड्या रेघा. शेवया सांडल्यासारख्या.

मी नवऱ्यावर चिडले. "तुम्ही खळ्यावर येरझाऱ्या घालता, जमीन हादरते."

बिचारे दुसऱ्या दिवशी बाजेवर बसून राहिले. खोकला आला तरी तोंडावर टॉवेल धरायचे. फोटो तसाच आला. मी पुन्हा त्यांच्याकडं बघितलं, तेव्हा त्यांनी कॅमेरा काढून हातात घेतला आणि फोटो नीट बघितला.

"हे बघ, मी हललो असतो तर सगळ्याच हलल्या असत्या की. मधली जागची हलंना, कडंच्या तेवढ्या तिच्याभवती फिरायल्यात. माझ्यावर कामून खेकसायलीस?"

बोलणं बरोबर होतं. मी मान वर करून मृगाकडं बघितलं आणि मला हसूच आलं. आलो तेव्हा तो पूर्वेला आडवा पडलेला होता. आता डोक्याकडं चढता चढता उभा राहायला लागला होता. माझा कॅमेरा मात्र जमिनीशी ताठ तो ताठच. दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करत होती, पण आकाश जसं कलत होतं तशी ती कलत नव्हती. म्हणून चित्र मधल्या चांदणीभोवती गिरकी घेत होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.

"मग दुर्बीण बिघडली न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही. आणि तुम्हीही नाही."

"ते बरं झालं," असं म्हणून ते मनसोक्त खोकले.

उपाय दोन होते. लांब फोटोऐवजी थोड्या थोड्या सेकंदांचे पुष्कळ फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकेक फिरवून नीट एकमेकांवर बसवायचे. आणि मृग वर चढायच्या आत, पूर्वेला असतानाच काढायचे, कारण तिथं ही गिरकी मंद असते. पण पूर्वेला नेमका अक्काच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवरचा फोकस जळत असे.

मी तिच्याकडं गेले. "अक्का, थोडा वेळ बंद कराल का?"

"लाईट बंद केली की रानडुकरं येतात, बाई. हरभरा न्हाई ठेवत." ती विचारात पडली. मग म्हणाली, "किती वेळ पाहिजे?"

"तासभर."

"मग आम्ही बसतो की हरभऱ्यात."

आणि ती खरंच बसली. अक्का, दोन्ही दीर, दोन्ही जावा, सगळे तेलाचे रिकामे डबे घेऊन बांधावर. फोकस विझला, आणि एवढा अंधार झाला की आकाश एकदम खाली आल्यासारखं वाटलं. मी फोटो काढायला लागले. पलीकडून डब्यांचा दणदणाट, मधूनच "हुर्र्या" अशी आरोळी, मग जावाजावांचं हसणं. आमचे हे माझ्याशेजारी उभे राहून पुटपुटले, "डुकरं सोड, आळंदपतोर कुणी यायचं न्हाई हिकडं."

घरी जाऊन सगळे फोटो एकावर एक बसवले. पडद्यावर हळूहळू तो ढग उमटला. गुलाबी, पंख पसरल्यासारखा, मध्ये उजळ. मी नवऱ्याला हाक मारली. ते पाणी पिता पिता आले आणि तांब्या हातात धरूनच उभे राहिले. "हे आपल्या खळ्यावरनं?" एवढंच म्हणाले.

छापून आणलेला फोटो अक्काला दिला तेव्हा तिनं तो उलटसुलट बघितला. "हे तिकांड्याखाली हाय व्हय? रोज वर असतं आन् आम्हाला दिसंना!" मग तिनं हुकूमच सोडला. "आमच्या हळदीकुंकवाला यायचं. दुर्बीण घेऊन."

त्या संध्याकाळी आकाशात चंद्र होता, म्हणून ढग काही दिसायचा नाही. मी चंद्रच दाखवला. अंगणात वीसेक बायकांची रांग. अक्काची धाकटी जाऊ पहिल्यांदा वाकली आणि उठेचना. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, सरक की." ती डोळा न काढता म्हणाली, "थांबा गं. किती खड्डे हायत, मोजायलेय."