तळ्याकाठचा अंदाज

हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठचे स्ट्रॉबेरीवाले शेतकरी तिथल्या एका बोटवाल्याचा अंदाज ऐकल्याशिवाय घरी जात नाहीत. संध्याकाळी तो पाण्यात पंजा बुडवतो आणि ओला हात हवेत धरतो. मग म्हणतो, “आज न्हाई,” नाहीतर “आज हाय.” ‘हाय’ म्हणजे पहाटे दव गोठणार. मग आम्ही उन्हाआधी रोपांवर पाणी मारतो, नाहीतर फळ करपतं.

काल वारा पडला होता. आईची सगळी स्ट्रॉबेरी पिकून लाल झाली होती. त्याने हात वर धरला, तेवढ्यात एक हॉटेलवाला त्याच्या कानाशी लागला, “न्हाई म्हण की गड्या! पानांवर बर्फ ऱ्हायला तर सकाळी पर्यटक लोटतील. तुझ्याबी होड्या भरतील.”

मी शेजारीच होतो. माझ्या मुठी वळल्या. बोटवाल्याच्या होड्या आठवडाभर रिकाम्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा हात तसाच वर होता.

“हाय!” तो एकदम ओरडला. “आज लय हाय. पहाटं पानी मारा!”

मग हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाला, “बर्फ दावायचाय न्हवं मालक? माझ्या होडीवर दावा. तिच्यावर कुनी पानी मारत न्हाई.”