ह्यांच्या लॉनचं टक्कल

आमचे हे गेले, आणि वर्षाच्या आत मी त्यांच्या लॉनचं टक्कल केलं.

जाफराबादेत आमच्या गल्लीत घरापुढे लॉन लावणारे हे पहिलेच. पुण्याहून 'खास जातीचं' गवत मागवलं, तेव्हा सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो, सगळा जन्म कपाशी खुरपण्यात गेलेला) ओट्यावरून ओरडले होते, "घरी ना गाय, ना शेळी! गवत कोणासाठी लावून राह्यला रे रम्या?" ह्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी त्यावर अनवाणी फिरायचे, मलाही चप्पल काढायला लावायचे. हे गेल्यावर माझ्याकडे ह्यांच्या हातचं म्हणून जिवंत असं ते गवतच उरलं होतं. आणि तेच पिवळं पडायला लागलं! पाणी कितीही सोडा, वरच्यावर वाहून जायचं.

मंगल कार्यालयाचं लॉन सांभाळणारे एक गृहस्थ येऊन बघून गेले. "वहिनी, खाली मेलेल्या गवताची पार गोधडी झाली. पाणी मुळाला जातच न्हाई. मशीननं विंचरून काढा, बराबर होईल." मशीनही त्यांनीच आणून दिलं. पोटाखाली लोखंडी दात, आणि ते वरखाली करायला एक खटका. "खटका वर ठेवा, दात वरवरच फिरू द्या," असं बजावून ते गेले.

आता मी दोन मुलींच्या वेण्या घातलेली बाई. वरवर विंचरून कधी गुंता निघतो का? मी खटका पार खाली केला.

मशीन सुरू झालं आणि मला घेऊन निघालं! (मी ते चालवलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.) माती उडतेय, मुळ्या उडतायत, पदर कुठे, चष्मा कुठे! शेजारच्या पुष्पाभाभी गच्चीवरून ओरडल्या, "अहो, बंद करा ना!"

"कुठून बंद करू?"

"जिथून चालू केलं तिथून!"

"ती जागा तर मागं राह्यली हो!"

शेवटी कुंपणाला धडकून ते आपलं आपणच थांबलं. मागं वळून पाहिलं, तर लॉन नव्हतंच. नांगरलेलं रान होतं! मी तिथंच मातीत फतकल मारली आणि भोकाड पसरलं. हे गेले तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्यात रडायला फुरसत मिळाली नव्हती. ती सगळी कसर तिथं भरून निघाली.

मामा दुपारची झोप मोडून धावत आले. "काय झालं माय?"

"मामा, ह्यांचं लॉन मारलं हो मी!"

मामा उकिडवे बसले. मातीतून एक पांढरी मुळी उचलून डोळ्यांजवळ नेली. "ही? ही मरते व्हय? हरळी हाये ही! जिंदगी गेली हिला उपटण्यात, शेताच्या एका धुऱ्यावरची मेली न्हाई. तुझ्या मशीनला काय भीक घालती! पाणी दे फक्त."

माझं रडणंच थांबलं. "म्हणजे ते पुण्याचं खास जातीचं...?"

"हरळीच. पहिल्या दिवशीच वळखली मी."

"मंग ह्यांना सांगितलं का न्हाई?"

"खूश होता तो." मामा उठायला गेले, पण उठले नाहीत. "एवढी उपटली तरी हरळी पुन्हा येती माय. अन् माझा रम्या तेवढा..." पोरगा गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मातीच्याच हातांनी डोळे पुसले, मग मीही पुसले. पुष्पाभाभी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि आमची चिखलानं बरबटलेली तोंडं बघून हसाव्यात की नाही? त्याही शेजारी बसून रडायला लागल्या.

हरळी आली. नुसती लॉनवर नाही! मशीननं उडवलेल्या मुळ्या मामांच्या मेथीच्या वाफ्यात, भाभींच्या गुलाबांत, फाटकाच्या फटीत, जिथं पडल्या तिथं हिरव्या झाल्या. आता रोज सकाळी खुरपं घेऊन सगळ्यांचे वाफे मी साफ करते. मामा ओट्यावरून सांगतात, "उपटली की उन्हातच फेक, न्हाई तर पुन्हा लागंल!"

मला फेकवत नाही. मामांची नजर चुकवून एकेक काडी आणते, लॉनवरच्या मोकळ्या जागी खोचते, वर ओंजळभर पाणी घालते. अख्ख्या जालना जिल्ह्यात हरळीची लागवड करणारी बाई मी एकटीच असेन!