कुंकू लागलेली काच

दसऱ्याच्या सकाळी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत काचेच्या एका तुकड्यावरच्या आठ खुणा वाचण्याचा प्रयत्न झाला. खुणा आदल्या आठवड्यात विजेने उमटवलेल्या होत्या. मधल्या काळात त्या काचेला एकही तार जोडलेली नव्हती. वाचणारी संशोधक विद्यार्थिनी आमच्या शेजारची. तिचे मार्गदर्शक सर, तिचे वडील, प्रयोगशाळेतले शिपाई मामा आणि मी, एवढे जण हजर होतो.

मी तिथे असण्याचं कारण साधं. वडिलांना मुलीचं काम बघायचं होतं आणि महाविद्यालयात एकट्याने जायचा संकोच होता. ते पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरीचा माग चालवतात; दसऱ्याला माग बंद होता. माझ्यासारखा वर्तमानपत्रात नोकरी केलेला माणूस कुठल्याही दारातून आत जाऊ शकतो, असा त्यांचा समज.

काच अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्यावर जस्ताच्या ऑक्साइडचा थर होता आणि तो तिने हाताने चढवला होता. काच द्रावणात बुडवायची, पाण्यात विसळायची, पुन्हा बुडवायची. दिवसचे दिवस तेच. असा बाद झालेला एक तुकडा तिने पूर्वी घरी आणला होता, तेव्हा मी तो उन्हात धरून पाहिला. थर डोळ्यांना दिसतच नाही. काच तिरकी केली की जांभळी होते, आणखी तिरकी केली की हिरवी. त्यात रंग घातलेला नाही. थर इतका पातळ की त्याच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग तयार होतो, असं तिने सांगितलं. चहा गार होईपर्यंत मी तो तुकडा फिरवत होतो.

थरावर चांदीचे आठ ठिपके होते. ठिपक्यावर सुई टेकवून वीज दिली की खालचा थर वीज वाहू देऊ लागतो. उलट दिशेने दिली की अडवतो. सुई काढली, वीज बंद झाली, तरी वाहू द्यायचं की अडवायचं हे तसंच राहतं. थरातले ऑक्सिजनचे कण सरकतात आणि जिथे पोहोचले तिथेच थांबतात. संगणकाला काही लक्षात ठेवायला एवढं पुरतं.

वडिलांनी हे ऐकून विचारलं होतं, ‘‘मग भोकं कुठं आहेत?’’

चादरीवरची नक्षी मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडून ठेवलेली असते. भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे नाही. माग महिनाभर बंद राहिला तरी पुठ्ठा नक्षी विसरत नाही. मुलीने त्यांच्याकडून एक जुना पुठ्ठा मागून घेतला आणि त्यावरच्या एका ओळीतली आठ घरं काचेवर उतरवली: भोक असेल तिथे वाहू देणारा ठिपका, नसेल तिथे अडवणारा. एखादा ठिपका मुळातच वीज वाहू देणारा असू शकतो, तेव्हा एकेकट्या ठिपक्यावर मी विश्वास ठेवणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. नक्षी परत मिळाली तर मात्र ते मान्य करणार होते.

प्रबंध दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचा होता. चांदीचे ठिपके बसवणारं यंत्र दुसऱ्या शहरात आणि तिथे तिचा पुढचा नंबर उन्हाळ्यात. बाकीचे सगळे तुकडे बाद झाले होते. ही एकच काच उरली होती.

तिने डबी उघडली. काचेच्या एका कोपऱ्यावर कुंकू होतं.

‘‘मामा, हे काय?’’

‘‘पूजा केली की ताई. काल खंडेनवमी न्हाय का?’’

‘‘यंत्रांची करायची होती. डबी कशाला उघडलीत?’’

‘‘तुमीच म्हणता की, ही सगळी मशिनं हिच्यासाठी हायत म्हणून. मग हिलाच कसं सोडायचं? लई हळू बोट लावलं बगा. मेन स्विच बी बंद केलाय. एक दिस सुट्टी नको व्हय त्यास्नी?’’

सर म्हणाले, ‘‘हिचा विषय एवढ्या वर्षांत एकाच माणसाला कळला, आणि ते तुम्ही निघालात, मामा.’’

ती हसली नाही. स्विच बंद केल्याने काही बिघडणार नव्हतं. काचेला वीज नकोच होती. पण कुंकवात दमटपणा असेल तर वीज त्यातूनच वाहणार, आणि कोरडं असेल तर सुई नीट टेकणार नाही. बोट आणखी कुठे लागलं होतं का, हेही माहीत नव्हतं.

मामांनी स्विच लावला आणि न सांगता पंखा बंद केला. तिने सूक्ष्मदर्शकातून बघत पहिल्या ठिपक्यावर सुई टेकवली. मीटरवरचा आकडा सरांनी पाहिला.

‘‘वाहतंय.’’

वडिलांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. ‘‘भोक,’’ ते म्हणाले.

दुसरा. ‘‘वाहतंय.’’

‘‘भोक.’’

तिसरा. ‘‘अडतंय.’’

वडिलांचं बोट पुठ्ठ्यावर थांबलं. ‘‘भोक नाही,’’ ते म्हणाले, आणि त्यानंतर कुजबुजल्यासारखंच बोलले. चौथा वाहत होता. पाचवा आणि सहावा अडवत होते. सातवा वाहत होता. प्रत्येक वेळी बोट पुढच्या घरावर जात होतं आणि आकडा तेच सांगत होता. त्या काचेत हलणारं काही दिसत नव्हतं, आवाज नव्हता, उजेड नव्हता. चादरीच्या नक्षीची ओळ आठवडाभर एका बंद डबीत पडून होती आणि जशीच्या तशी बाहेर येत होती. मामा हात जोडून उभे होते.

आठवा ठिपका कुंकवाखाली होता. सुई टेकवली तेव्हा आकडा खालीवर होत राहिला.

‘‘ॲसिटोनने पुसून घे,’’ सर म्हणाले.

‘‘पुसताना आत काही बदललं तर, सर? मग काचेने काय ठेवलं होतं हे मला कधीच सांगता येणार नाही.’’

‘‘मग आठवा सोडून द्यावा लागेल.’’

‘‘सोडते.’’

वडिलांनी पुठ्ठा तिच्यापुढे धरला आणि घरातल्यासारखी तेलुगूत हाक मारली. ‘‘अम्मा, इथं भोक नाही. आठवापण बरोबरच असणार की.’’

‘‘असेल, नान्ना. पण दिसला नाही.’’

सरांनी सात आकडे पुन्हा एकदा स्वतः वाचून घेतले. त्यात दोन्ही प्रकारचे ठिपके होते आणि सातही पुठ्ठ्याशी जुळत होते. त्यांनी खाली सही केली. वडिलांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली, मामांना आधी.

प्रबंध दिवाळीच्या सुट्टीआधी दाखल झाला. त्यात सात वाचनं आहेत. आठव्यापुढे ‘पृष्ठभागावर कुंकू, वाचन ग्राह्य नाही’ असं लिहिलेलं आहे. तोंडी परीक्षेची तारीख अजून कळवण्यात आलेली नाही.