तोक्तारने निवडलेलं हॉटेल

आकतेरेक गावात कुणालाही विचारलं, की अल्माटीत उतरायचं कुठे, तर वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं: तोक्तारच्या हॉटेलात. हे हॉटेल म्हणजे बसतळामागच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालक तोक्तार, जन्मभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेला. आचारी, धोबी आणि पहारेकरी त्याची बायको बाल्झान. जागांचे प्रकार दोन: भिंतीकडची गादी आणि दाराकडची गादी. दाराकडच्या गादीवरच्या माणसाला रात्री उठणारा प्रत्येक जण तुडवून जायचा, म्हणून ती जावयांना कधी देत नसत.

एक जण दाढ काढायला आला आणि बर्फ वितळेपर्यंत राहिला. दाढ निघाली की नाही हे बाल्झानला शेवटपर्यंत कळलं नाही. खाताना तरी तिची उणीव दिसत नव्हती. एका मावशीने भेट म्हणून जिवंत हंस आणला आणि सज्जात बांधून ठेवला. त्या हंसाने सगळ्या इमारतीला पहाटे उठायची सवय लावली. तोक्तार कुरकुरायचा, "जन्मात मी बायकोच्या शेजारी कमी आणि गावकऱ्यांच्या शेजारी जास्त झोपलोय." पण पंधरवडाभर कुणी आलं नाही, की हाच माणूस टोपी घालून बसतळावर चक्कर मारायचा. "बसगाड्या बघायला," असं सांगून. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला बसगाड्या बघायची कसली हौस, हे बाल्झान विचारत नसे.

या हॉटेलातला सगळ्यात लांब मुक्काम मेइरमचा. मेइरम म्हणजे तोक्तारच्या थोरल्या भावाचा, तुर्सुनचा मुलगा. कॉलेजची सगळी वर्षं तो इथल्या स्वयंपाकघरात झोपला. डोकं फ्रिजपाशी आणि पाय टेबलाखाली. रीतभात त्याला तोक्तारनेच शिकवली, कान पिळून पिळून. मोठ्यांच्या आधी हात धुवायचे नाहीत. मोठ्यांनी दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. तोक्तारला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पिळायला घरात तेवढाच एक कान होता.

पाहुण्यासाठी मेंढी कापली, की उकडलेलं डोकं आधी मोठ्या माणसापुढे ठेवायचं. तो त्याला सुरी लावतो, कान कापून पोरांना देतो, मग बाकीचं वाटतो. ज्याचा बाप जिवंत आहे, त्याने डोक्याला सुरी लावायची नसते. त्यामुळे मेइरमच्या वाट्याला आजवर कानच आले. गेल्या शरद ऋतूत तुर्सुन गेला. मेइरम तेव्हा आतिराउहून विमानाने आला, माती दिली आणि तेलकंपनीच्या कामावर त्याच दिवशी परतला. आता त्याच्यापुढे पहिल्यांदा डोकं ठेवायचं काम चुलत्याचं. हे झाल्याशिवाय तोक्तारच्या लेखी पोरगा पोरगाच होता, आणि भाऊ अर्धवट पुरलेला होता.

अशात मेइरमचा फोन आला.

"कोके, कसे आहात?" तो चुलत्याला कोके म्हणायचा. "आम्ही दोघं क्वालालंपूरला चाललोय. अल्माटीत एक संध्याकाळ आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. एखादं बरं हॉटेल सांगा ना. शहर तुमच्या पायाखालचं."

तोक्तारने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं, जणू चूक यंत्राची होती.

"हॉटेल?" तो म्हणाला.

"हो. एका रात्रीसाठी बाल्झान आपांना कशाला त्रास?"

"बरं," तोक्तार म्हणाला. "बघतो."

फोन ठेवल्यावर बाल्झान कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघतो काय? 'अरे गाढवा, सरळ घरी ये,' एवढं म्हणायला तोंड दुखत होतं?"

"आमंत्रण द्यायचं? माझ्याच रक्ताच्या पोराला?" तोक्तार उसळला. "आमंत्रण परक्याला देतात, म्हातारे! आपली माणसं येतात. त्या हंसवाल्या बायका कधी विचारून आल्या होत्या?"

"हंसवाली एकच होती. आणि तो नाही येणार."

"येईल. न बोलवता येईल. तू मेंढीचं बघ."

दुसऱ्या दिवशी तोक्तार ठेवणीतला कोट घालून हॉटेलं बघायला बाहेर पडला. विमानतळाच्या रस्त्यावरचं पहिलं हॉटेल काचेचं होतं. दार आपोआप उघडलं, ते त्याला उद्धट वाटलं. काउंटरवरच्या मुलीने हसून खोली दाखवली. खिडकीतून आलाताउचे डोंगर दिसत होते, आणि पलंगावर बसताच तोक्तार असा रुतला की मुलीने हात देऊन त्याला बाहेर काढलं.

"सकाळचा नाश्ता असतो?"

"असतो ना, आजोबा. घोड्याच्या मांसाचे काप, अंडी, तीन प्रकारचं दही..."

"आवाज येतो का कशाचा?"

"अजिबात नाही. एकदम शांत."

"वाटलंच मला," तोक्तार कडवटपणे म्हणाला आणि निघाला. दुसऱ्या हॉटेलात तर गरम पाण्याचं कुंड होतं. तिथून तो घाईघाईने बाहेर आला. अशा जागी आलेला माणूस चुलत्याला कशाला आठवेल?

तिसरं हॉटेल पेट्रोलपंपामागे होतं. पाटीवरची निम्मी अक्षरं गळाली होती, त्यामुळे त्याचं नाव काय हे मालकालाही आठवावं लागत असणार. खाली गाड्या धुण्याचं दुकान, वर खोल्या. जिन्यात तळलेल्या माशाचा वास कायमचा राहायला आलेला. खोलीची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर भिंत. नळ फिरवला तर तो आधी म्हाताऱ्यासारखा खोकला, मग थुंकला. तोक्तारचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

काउंटरवर गुल्शात नावाची धिप्पाड बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. "कुणासाठी बघताय, आजोबा?"

"पुतण्यासाठी. बायको आहे बरोबर."

"मग पुढे जा. पुढे काचेचं आहे, चांगलं आहे."

"नको, हेच हवं. खाली गाड्या धुतात, त्याचा आवाज कधीपर्यंत असतो?"

"थांबतच नाही."

"छान."

गुल्शातने बिया सोलायचं थांबवलं. "भाऊबंदकी आहे का जमिनीची?"

"नाही हो. लाडका आहे."

बेत सरळ होता. आमंत्रण द्यायचं नाही. पोराने जागा बघायची, नाक मुरडायचं आणि त्यानेच म्हणायचं, 'कोके, चला, घरी जाऊ या.' मग आपला मान राहिला, त्याचा राहिला, आणि मेंढीचाही.

ठरल्या दिवशी तोक्तारने सज्जात मेंढीचं डोकं भाजलं. खालच्या मजल्यावरून वेरा पेत्रोव्ना ओरडली, "तोक्तार, आग लागली का?" तो वरून ओरडला, "पुतण्या येतोय!" तिने निमूट खिडकी लावून घेतली, हंसाचा काळ तिनेही काढला होता. बाल्झानने कणीक लाटली, डोकं आणि मांस चुलीवर चढवलं आणि भिंतीकडच्या सगळ्या गाद्या एकावर एक रचून मानाची बैठक केली.

दुपारी शेजाऱ्याच्या गाडीतून तोक्तार विमानतळावर गेला. मेइरम जाड झाला होता. त्याची बायको झानार ही आतिराउचीच, मोठ्या घरातली. तिने वाकून नीट सलाम केला. भावाचा चेहरा पुतण्याच्या चेहऱ्यावर येऊन बसलेला पाहून तोक्तार शेजाऱ्यावर खेकसला, "गाडी जरा नीट चालव!" गाडी अजून उभीच होती.

हॉटेलात पोचल्यावर मेइरमने जिना बघितला. खोली बघितली. झानारने खिडकी उघडली आणि भिंत बघून बंद केली. खाली कुणीतरी पाण्याचा फवारा सुरू केला, तशी जमीन थरथरू लागली.

तोक्तार दारात उभा होता. जन्मात इतक्या आशेने त्याने कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"आवडलं नसेल तर सांगा बरं," तो म्हणाला. "लाजू नका."

झानारने नवऱ्याकडे पाहिलं. मेइरमने उशी दाबून पाहिली. ती दबली नाही.

"असं कसं, कोके," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः फिरून शोधलंत. तुम्ही दिलेल्या वस्तूला मी नाव ठेवीन?"

तोक्तारला क्षणभर वाटलं, याचा कान आत्ता, इथेच पिळावा.

"जागा जरा... लहान आहे."

"आम्हाला पुरे आहे."

"नळ खोकतो."

"सगळीकडेच खोकतात, कोके."

"मग जेवण...?"

"विमानात झालं. झानारचं डोकं पण दुखतंय. तुम्ही दमलात, घरी जा. आपांना सलाम सांगा."

डोकं शिजतंय रे, तुझ्यासाठी शिजतंय, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण पाहुण्याला डोकं आधी सांगतात का कुठे? ते ताट उघडल्यावर दिसायचं असतं. "हो, हो," तोक्तार म्हणाला. "आराम करा." आणि जिना उतरला.

दार उघडताच बाल्झानने त्याच्या मागे पाहिलं. मग आणखी मागे, जिन्यात पाहिलं.

"कुठे आहेत?"

"त्यांना हॉटेल आवडलं."

"ते?" बाल्झान खुर्चीत बसली. "तू सांगितलंस त्या हॉटेलात मी त्या हंसालाही ठेवलं नसतं!"

मग तिने जे बोलायला सुरुवात केली, त्यात तोक्तार, तोक्तारची टोपी, तोक्तारचे वाडवडील असे सगळे येऊन गेले. शेवटी तिने डोकं पातेल्यात ठेवलं, वर झाकण, त्यावर पंचा, पंच्याला गाठ, आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. "जा. तिथे ठेव त्याच्यापुढे. डोक्याला काय, कुठलंही टेबल चालतं."

तो पोचला तेव्हा अजून थोडा उजेड होता. गुल्शात त्याला पाहून उभी राहिली. अशी बाई सहसा उभी राहत नाही.

"आजोबा, ते गेले हो. तुम्ही वळलात आणि लगेच. पुढे त्या काचेच्या हॉटेलात."

तोक्तारने पंच्याची गाठ आवळली.

"तुम्हाला सांगू नका म्हणाले. मन दुखेल म्हणून. चांगला आहे पोरगा, पैसे पण परत मागितले नाहीत." ती थांबली. मग बिया सोलणाऱ्या बायकांना जे पोटात ठेवता येत नाही, तेही तिने सांगून टाकलं. "त्याची बायको म्हणत होती, 'तुझे कोके घरी या असं एकदाही म्हणाले नाहीत. ठेवायचं नव्हतं म्हणून हे शोधलं.'"

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. बॅगा उचलल्या." गुल्शातने पातेल्याकडे बोट केलं. "त्यात काय आहे?"

"डोकं."

"कुणाचं?"

"त्याचं," तोक्तार म्हणाला.

काचेचं हॉटेल तिथून दिसत होतं. खालचे दिवे लागले होते, दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं. तोक्तार पातेलं पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तिथे जायचं म्हणजे तुझी चोरी मला कळली, असं पोराला तोंडावर सांगायचं. आपण पोराची अशी फजिती कशी करणार? तो बसथांब्याकडे वळला. ट्रॉलीबसमध्ये लोकांनी पातेलं पाहून त्याला जागा दिली.

सकाळी विमानतळावरून फोन आला. बाल्झानने कान जवळ आणला.

"कोके, झोप फार छान लागली," मेइरम म्हणाला. "तुमचं हॉटेल उत्तम होतं."

"मग? शोधलं कुणी?" तोक्तार म्हणाला. "आवाज नाही ना आला?"

"अजिबात नाही. एकदम शांत. परत येताना नक्की घरी..."

"हो, हो. विमान चुकवू नकोस."

पुढे गावात पसरलं, की तोक्तार आता पुतण्यालाही घरात घेत नाही, पण हॉटेलं मात्र त्याला सगळी माहीत आहेत. तेव्हापासून अल्माटीला निघालेले लोक खरंच त्याला फोन करतात आणि हॉटेल विचारतात. तो काचेच्या हॉटेलाचं नाव सांगतो. पलंग मऊ आहेत, असंही सांगतो.

त्या सकाळी फोन ठेवल्यावर बाल्झानने डोकं गरम केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "तुझा बाप जाऊन जन्म लोटला, म्हाताऱ्या. आता तूच काप."

त्याने बाही वर केली, सुरी घेतली. हाताच्या सवयीने आधी कान कापला, आणि कान हातात धरून तो स्वयंपाकघरात, फ्रिज आणि टेबलाच्या मधल्या जागेकडे बघत राहिला. तिथे बाल्झानने बटाट्यांचं पोतं ठेवलं होतं.