दर्याकडे तोंड करून

भागूमावशीची आणि माझी पहिली भेट झाली ती तिच्या पाठीशी. मी खडपावर, समुद्रकाठच्या उभ्या कातळावर, दोन पुरुष उंचीवर अडकलो होतो. वर सरकता येईना, खाली उतरता येईना. खालून एक साठीची बाई आली. लुगड्याचा काष्टा घट्ट, कमरेला टोपली. तिने एकदा वर पाहिलं आणि सरळ माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी राहिली. मला असा संताप आला!

"मावशी, माणूस मरतोय इथे!"

"मास्तरानू, मी दर्या बघतंय, तुमी पाय बघा," ती न वळता म्हणाली. "डावो पाय वीतभर खाली सोडा. थंय खाच आसा."

खाच होती. तिच्या सांगण्यावरून मी एकेक पाऊल खाली आलो.

मी मूळचा आंबोलीचा. घाटातल्या एका शिबिरात दोराशिवाय लहान कातळांवर चढण्याचे प्राथमिक धडे गिरवले होते आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा गिर्यारोहक समजत होतो. दोन हजार तीनच्या सुमारास मालवणजवळच्या एका गावी शाळेत लागलो, तेव्हा पुण्याहून मागवलेले खास बूट बरोबर होते. त्या बुटांकडे भागूमावशीने फार वाईट नजरेने पाहिलं. "बोटां कोंडून ठेवलात. खडक ओलो काय सुको, ता तुमका कोण सांगतलो?" दुसऱ्या दिवसापासून मी अनवाणी चढू लागलो. त्याच दिवशी मी 'मास्तरानू'चा 'झिला', तिचा पोर, झालो.

मावशीला ना मूल ना बाळ. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. पोट खडकाला चिकटलेली कालवं काढून विकण्यावर. चांगली कालवं खडपाच्या बाहेरच्या अंगाला, आणि तिथे जायचं तर पाण्यावरच्या उभ्या कातळाला बिलगून आडवं सरकत जावं लागे. अवस-पुनवेला समुद्र खूप आत हटतो, तेवढ्या दोन तासांत हे काम. त्याला एक नियम होता. एकाने कातळावर जायचं, दुसऱ्याने खालच्या सपाट दगडावर समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. मोठी लाट दिसली की "इली!" म्हणून ओरडायचं. वरच्याने जिथे असेल तिथे कातळाला मिठी मारायची आणि लाट ओसरेपर्यंत हलायचं नाही. मावशीसाठी तिची जाऊ तीस वर्षं अशी उभी राहिली होती. ती आदल्या पावसात वारली. तेव्हापासून मावशी रिकामी टोपली घेऊन खडपापर्यंत यायची आणि परत जायची.

मग तिच्यासाठी मी उभा राहू लागलो. त्या बदल्यात तिने मला चढायला शिकवलं. खरं तर उतरायलाच शिकवलं. पहिला महिनाभर तिने मला कमरेएवढ्या उंचीच्या वर जाऊ दिलं नाही. "चढता कोणय. उतारता तो शाणो," हे तिचं पालुपद. मी हातांवर भार टाकला की खालून आवाज यायचा, "लोंबकळा नको, पायार उभो रव!" बघत तर नसायची, मग कळायचं कसं? मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझो श्वास आयकाक येता मरे." इतक्या बारीक कानाचा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

अडीच वर्षं मी नियम पाळला. त्या पुनवेला तो मोडला. माझ्या पाठीमागे तिचा पाय घसरल्याचा आवाज झाला. चढणाऱ्यावरची नजर कधी काढायची नाही, हात पुढे धरून तयार राहायचं, असं शिबिरात आमच्याकडून घोटून घेतलं होतं. मी गर्रकन वळलो, हात पुढे केले. मावशी एव्हाना सावरली होती. तिने मानेवरून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "माका कशाक बघतंस?"

तेवढ्यात लाट आली.

तिला खालच्या दगडावर आपटलं, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर मावशी अंथरुणातून उठली नाही. गाव म्हणे, वय झालेलं, कशाला जायचं खडपावर. मी वळलो होतो हे तिने कोणाला सांगितलं नाही. शेवटी मीच तिच्यापाशी रडलो. ती म्हणाली, "तू माका धरूक वळलंस, ता माका ठावक आसा. पण झिला, हात-पाय माझे होते. ते मी सांभाळलंय असतंय. दर्या तेवढो तुझो होतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी शाळा सुटली की रोज जात असे. पेज भरवायचो. अवस-पुनव आली की ती विचारायची, "सुकती खंयपर्यंत गेली?" ओहोटी कुठवर गेली ते मी सांगायचो. खरं तर मी खडपाकडे फिरकलोही नव्हतो. तिला ते कळत असावं. माझा श्वास तिला पाठ होता.

दुसऱ्या वर्षी माघात ती गेली. किनाऱ्यावरच्या स्मशानात तिच्या पुतण्याने अग्नी दिला. सगळे चितेकडे बघत उभे होते. मला राहवेना. मी पाठ फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. "गुरुजी, हयसर बघा," पुतण्या हळूच म्हणाला. मी वळलो नाही. पाठीवर धग लागत होती. लांबवर पाणी उचललं गेलेलं दिसलं, आणि मी घसा फाटेपर्यंत ओरडलो, "इली!"

या खेपेला वेळेवर ओरडलो होतो.