होटगीच्या माळावरची घरं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माडीवर राहायला आल्यापासून काशम्माचं बोलणं कमी होत गेलं. नवऱ्याच्या, सिद्धारामच्या, ते लवकर लक्षात आलं नाही. तो रेल्वेत बांधकामाचा मिस्त्री होता आणि त्याची सारी नोकरी होटगीला झाली होती. चौऱ्याहत्तर साली तो रिटायर झाला, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा ओळखीतल्या एकानं पेठेत ही खोली बघून दिली. जिना उभा होता आणि काशम्माचे गुडघे गेलेले. ती आधी रोज एकदा खाली उतरायची, पुढं तेही बंद झालं. खिडकी उघडली की हाताला लागेल इतक्या अंतरावर समोरच्या घराची भिंत.

एकदा तो मंडईतून परत आला, तर ती खिडकीत बसून त्या भिंतीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाच्या रोपाला तांब्यानं पाणी घालत होती.

"भिंत फुटंल की त्यानं," सिद्धाराम म्हणाला.

"फुटू दे," ती म्हणाली. घरात दोघं कानडी बोलत. "दिवसभरात जितं काय दिसतं ते एवढंच."

त्या रात्री तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी होटगीला गेला आणि थेट रामहरीच्या घरी जाऊन बसला. रामहरी त्याच्याच कामावरचा मुकादम, तोही नुकताच घरी बसलेला. गावाबाहेर त्याचा माळाचा एक तुकडा होता, तिथं दोघं चालत गेले. दुष्काळात तिथली होती नव्हती ती झाडं तुटून चुलीत गेली होती.

"हितं घरं बांधू," सिद्धाराम म्हणाला. "ज्यांची क्वार्टरं सुटली आणि पोरं लांब हायती, त्यांच्यासाठी. पाच-सहा घरं."

"म्हाताऱ्यांची वस्ती म्हण की सरळ," रामहरी म्हणाला. मग माळावर एक फेरी मारून आला. "बांध. माझंबी एक धर त्यात."

नोकरीत सिद्धारामनं क्वार्टरांच्या रांगाच रांगा उभ्या केल्या होत्या, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं तोंड. इथं त्यानं चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखणी केली ती गोलसर. मधे मोकळं अंगण, सगळी दारं अंगणाकडं. कुणाचं दार सकाळी उघडलं नाही तर बाकीच्यांना दिसावं, हे त्याच्या मनात होतं. बोलून मात्र दाखवलं नाही. कट्टे बुटके ठेवले, म्हणजे बसता-उठता गुडघ्याला त्रास नको. पायरी कुठंच ठेवली नाही. उंबराही काढून टाकणार होता, पण काशम्मा अडून बसली. "हळदीकुंकू मग कुटं लावू? भुईला?" शेवटी त्यानं जमिनीलगत शहाबादी फरशीची एक पट्टी बसवली आणि तिनं तोच उंबरा मानला.

प्रत्येक मोरीचं पाणी चर काढून झाडाकडं नेलं. अंगणात कडुनिंब, मागं करंज आणि शेवगा. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं जळाली. पुन्हा लावली. अंगणातला कडुनिंब तेवढा पहिल्यापासून टिकला. माडीवर गप्प झालेली काशम्मा भांडी घासताना पाण्याशी, रोपांशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलू लागली.

फक्त तात्याबाचं घर वेगळं राहिलं. तात्याबा मालगाडीवर गार्ड होता. बायको सोनाबाईला घेऊन राहायला आला आणि आठवड्याभरात त्यानं आपल्या दारापुढं छातीइतकी दगडी भिंत घातली. सिद्धाराम चिडून गेला.

"सगळं आखून दिलं होतं, तात्याबा. ही भिंत कशाला?"

तात्याबानं हातातला दगड खाली ठेवला. "मिस्त्री, माझा पोरगा कालव्यात गेला, ठाव हाय न्हवं? जो येतो तो तेच काढतो. सोनाबाई पुन्यांदा रडती. मला कुणाचं तोंड बघायचं न्हाय."

 सिद्धाराम परत फिरला आणि पुन्हा कधी त्या भिंतीचं नाव काढलं नाही. सोनाबाई तेवढी हंडा घेऊन भिंतीला वळसा घालून वस्तीच्या आडावर येई आणि खाली मान घालून परत जाई.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत काशम्माला दम लागू लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. सिद्धारामनं तिची बाज पडवीत आणली. येणारा-जाणारा कट्ट्यावर टेकायचा, कुणी भाकरी आणायचं, कुणी नुसतंच बसायचं. एका दुपारी सोनाबाई आडावरून येताना थांबली. काशम्मानं तिला जवळ बसवलं.

"माझी दोन गेली," काशम्मा म्हणाली. "पाळण्यातली. त्यांची नावं मी अजून घेते. तुझ्या पोराचं नाव काय गं?"

सोनाबाईनं हंडा कट्ट्यावर टेकवला. मग म्हणाली, "भीमा." आणि बोलू लागली. त्याला काय आवडायचं, तो कुणावर गेला होता, पोहायला कसा शिकला. संध्याकाळपर्यंत बोलत होती. भिंतीपलीकडं तात्याबा ऐकत बसून होता. पोरगा गेल्यापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

सकाळी सिद्धाराम तोंड धुवायला बाहेर आला तर तात्याबा भिंतीचे दगड काढत होता. दाराएवढी वाट केली आणि थांबला. बाकीची भिंत राहू दिली.

"वळसा घालून पाय दुखत्यात तिचं," तो म्हणाला.

सिद्धाराम पुढं गेला आणि दगड उचलून एका बाजूला रचू लागला.

काशम्मा माघात गेली. मुलगी गुलबर्ग्याहून आली होती. दिवसकार्य झाल्यावर म्हणाली, "अप्पा, आता हितं कोण हाय तुमचं? माझ्याकडं चला." तो गेला, आणि उन्हाळा तोंडावर आला तसा परत आला. झाडांचं कारण सांगितलं. मुलीनं ते खरं मानलं नाही, पण आग्रहही धरला नाही. सुरुवातीला त्याला पडवीत बसवत नसे. रामहरी रोज येऊन बसायचा, म्हणून तोही बसू लागला.

पावसाळा संपल्यावर सांगोल्याकडची एक म्हातारी रामहरीचं नाव विचारत आली. बजाबाई तिचं नाव. नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर होता, तो वारला, भाऊबंदांत तिचं पटेना. बरोबर दोन शेळ्या.

"तुमी घर बांधून देता म्हणं," ती म्हणाली.

जागा एकच उरली होती, करंजांच्या बाजूला. सिद्धारामनं फक्की काढली, दोरी घेतली. पहिल्या घरांची दारं त्यानं आपल्या मनानं धरली होती, कुणाला विचारलं नव्हतं. आज तो दोरी हातात धरून थांबला.

"बाई, दार कुणीकडं पायजे तुमाला?"

बजाबाईनं अंगणाकडं बघितलं, माळाकडं बघितलं.

"दार माणसांकडं करा," ती म्हणाली. "आन् खिडकी शेळ्यांकडं."